एकवीस अक्षरांचं नाव

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या लहानशा गावात बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' आहे. तिथल्या दालनात ब्राँझच्या पाट्या ओळीने लावलेल्या आहेत. प्रत्येक पाटीवर खेळाडूचा चेहरा, त्याखाली नाव आणि कर्तृत्वाच्या चार-सहा ओळी. या खेळात याहून मोठा मान नाही. ६ ऑगस्ट १९७३ रोजी तिथे एक नवी पाटी लागली आणि तिच्यावर नाव कोरलेलं होतं 'रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे'.

नाव चुकलं होतं. स्पॅनिश बोलणाऱ्या समाजात स्वतःच्या नावापुढे आधी वडिलांचं आडनाव लावतात आणि शेवटी आईचं. मेल्चोर क्लेमेंटे आणि लुईसा वॉकर यांचा हा मुलगा, म्हणून तो रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. पाटी करणाऱ्यांनी अमेरिकी वळणाने आईचं आडनाव मधल्या नावासारखं मधे घातलं. ही चूक दुरुस्त व्हायला २००० साल उजाडावं लागलं. सत्तावीस वर्षं लाखो लोक त्या पाटीसमोर उभे राहिले, फोटो काढून गेले. ज्याचं नाव होतं त्याला मात्र ती चूक दाखवता आली नसती. पाटी लागायच्या सात महिने आधीच तो समुद्रात बुडाला होता.

पिट्सबर्ग पायरेट्स या संघाच्या खेळाडूंनी मिळवलेल्या मानसन्मानांविषयी लिहायला घेतलं, तेव्हा या पाटीपासूनच सुरुवात करावी असं वाटलं. पुरस्कार कुणाला मिळाला, याची यादी कुठेही सापडते. मला ओढ लागली ती मतं देणाऱ्या माणसांची, त्यांना काय दिसलं आणि काय दिसलं नाही याची. त्यासाठी या संघाइतका बोलका इतिहास मला दुसरा माहीत नाही.

पिट्सबर्ग म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पोलादाचं शहर. ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या नद्या इथे एकत्र येतात आणि ओहायो नदी सुरू होते. संघाचे रंग काळा आणि सोनेरी. जगज्जेतेपदं पाच : १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९. हॉल ऑफ फेमसाठी १९३६ साली पहिलं मतदान झालं तेव्हा निवडलेल्या पाच जणांत बेब रूथ होता, तसा पायरेट्सचा होनस वॅग्नरही होता, आणि दोघांना सारखीच, २१५ मतं मिळाली होती. भारतीय वाचकाला या संघाची ओळख झाली असेल तर रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंमुळे. २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून निवडलेल्या या दोघांना पायरेट्सनेच करारबद्ध केलं. ते मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत, पण अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या करारावर सही करणारे ते पहिले भारतीय.

आता १९६० सालाकडे जाऊ.

त्या वर्षी १३ ऑक्टोबरला, अंतिम मालिकेच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात, पायरेट्स आणि न्यूयॉर्क यांकीज नऊ-नऊ धावांवर अडकले होते. नवव्या डावात बिल मॅझेरोस्कीने चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून पार मारला. १०-९. सामना संपला, मालिका संपली, लोक मैदानात धावले. ते फोर्ब्स फील्ड मैदान आता नाही, पण त्याच्या भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे. दर १३ ऑक्टोबरला काही माणसं तिथे जमतात, त्या दिवशीच्या समालोचनाचं ध्वनिमुद्रण लावतात आणि ऐंशीच्या घरातली माणसं त्या फटक्याला पुन्हा टाळ्या वाजवतात.

त्या मालिकेचा मालिकावीर मॅझेरोस्की नव्हता. पायरेट्सचा कुणीच नव्हता. तो मान यांकीजच्या बॉबी रिचर्डसनला मिळाला. मालिकेत १२ धावा त्याच्या फटक्यांवर आल्या होत्या आणि सात सामन्यांत मिळून यांकीजनी ५५ धावा केल्या होत्या, पायरेट्सनी अवघ्या २७. हरलेल्या संघाचा खेळाडू अंतिम मालिकेचा मालिकावीर ठरल्याचं ते एकमेव उदाहरण आहे. मॅझेरोस्कीची खरी ताकद क्षेत्ररक्षणात होती आणि त्यासाठी त्याने आठ वेळा 'गोल्ड ग्लव्ह' मिळवला. हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं थेट २००१ साली. त्या समारंभात तो थोडंसं बोलला, गहिवरला, आणि हातातलं भाषण पुरं न करताच खाली बसला. मला ते भाषण पुरं झालं असंच वाटतं.

रिचर्डसनचा मान त्या एका मालिकेपुरता होता. वर्षभराचा मोठा मान वेगळा : 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू, बोलताना 'एमव्हीपी'. तो बेसबॉलवर लिहिणारे वार्ताहर मतं देऊन ठरवतात. प्रत्येक मतदार दहा नावं क्रमाने लिहितो. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत दहाव्याला १. मेजर लीगमधल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगसाठी दोन वेगळे पुरस्कार. पायरेट्स नॅशनल लीगमधले.

१९६० च्या नॅशनल लीगमध्ये पहिला आला पायरेट्सचा डिक ग्रोट. .३२५ ची सरासरी, म्हणजे हजार वेळा फलंदाजीला उभा राहिला तर ३२५ वेळा यशस्वी फटका. ती लीगमधली सर्वोच्च सरासरी होती. ग्रोट पिट्सबर्गच्या परिसरातच जन्मलेला, सगळ्यांचा लाडका. दुसरा आला त्याच संघाचा डॉन होक, सरासरी .२८२. रॉबर्टो क्लेमेंटेची सरासरी होती .३१४, आणि संघात सर्वाधिक, ९४ धावा त्याच्या फटक्यांवर आल्या होत्या. अंतिम मालिकेच्या सातही सामन्यांत त्याने यशस्वी फटका मारला होता, पण मतदान मालिकेआधी होतं, तेव्हा ते सोडून देऊ. वर्षभराच्या खेळावर तो आला आठवा.

ग्रोटच्या पहिल्या क्रमांकाबद्दल माझी तक्रार नाही. आठवा क्रमांक मात्र मला पटत नाही, आणि क्लेमेंटेलाही तोच सलत राहिला. पुढे कित्येक वर्षं त्याने तो सल बोलून दाखवला. मतं देणारे हे वार्ताहर त्याच्याविषयी एरवी काय लिहीत होते, ते पाहिलं की तो सल कळतो. प्वेर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावचा हा काळा मुलगा. वडील उसाच्या कामावर. इंग्रजी उशिरा शिकलेलं. तो बोलला की वर्तमानपत्रांत त्याचे उच्चार जसेच्या तसे, वेडेवाकडे छापले जात, वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून. पाठीच्या दुखण्याबद्दल बोलला तर कुरकुऱ्या म्हणत. त्याचं चित्र छापलेल्या बेसबॉल कार्डांवर वर्षानुवर्षं 'बॉब क्लेमेंटे' छापलं गेलं. 'माझं नाव रॉबर्टो आहे' हे त्याला सांगत राहावं लागलं. कूपरस्टाउनच्या पाटीवरची चूक तेव्हापासूनच लिहिली जात होती, असं मला वाटतं.

उत्तर त्याने मैदानात दिलं. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, .३५१ सरासरीने तो लीगमधला सर्वोत्तम फलंदाज ठरला. नंतर १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये पुन्हा. १९६१ पासून १९७२ पर्यंत ओळीने बारा वर्षं त्याने गोल्ड ग्लव्ह मिळवला. बाहेरच्या क्षेत्ररक्षकांत एवढे गोल्ड ग्लव्ह आणखी एकट्या विली मेजकडे आहेत. 'राइट फील्ड'च्या कोपऱ्यातून, तोल जात असतानाही, तो चेंडू असा फेकायचा की धावणारा माणूस बेसवर पोहोचायच्या आत चेंडू पोहोचलेला असायचा. अशा फेकींनी गडी बाद करण्यात तो पाच हंगाम लीगमध्ये अव्वल होता. गोल्ड ग्लव्हची मतं वार्ताहरांपेक्षा मैदानातल्या माणसांनी, म्हणजे खेळाडूंनी आणि नंतर व्यवस्थापक-प्रशिक्षकांनी, अधिक दिली. त्याची फेक ज्यांनी समोरून पाहिली होती, त्यांना त्याचं इंग्रजी कसं आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं.

१९६६ मध्ये वार्ताहरांनीही त्याला एमव्हीपी केलं. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या सँडी कोफॅक्स या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, २७ सामने जिंकून दिले होते आणि त्याचा संघ लीगमध्ये पहिला आला होता. पायरेट्स तिसरे. तरीही क्लेमेंटेला २१८ गुण, कोफॅक्सला २०८. सरासरी .३१७, होमरन, म्हणजे भिंतीपार फटके, २९, फटक्यांवर आलेल्या धावा ११९. सहा वर्षांपूर्वी त्याला आठव्यावर ठेवणाऱ्या व्यवस्थेनेच ही पावती दिली. फक्त दहा गुणांनी का होईना, पण दिली.

१९७१ हे त्या संघाचं मला सर्वांत आवडणारं वर्ष. १ सप्टेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध व्यवस्थापक डॅनी मर्टॉ यांनी जे नऊ खेळाडू उतरवले, ते सगळे कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकेतले काळे होते. मेजर लीगमध्ये तसं पूर्वी कधी घडलं नव्हतं. मर्टॉ म्हणाले, आज माझे सर्वोत्तम नऊ हेच होते. सामना जिंकला १०-७. त्या संध्याकाळला कसलाही चषक नाही, कुणाच्या नावावर पदक नाही, पण या संघाच्या मानपत्रात पहिली ओळ मी तीच लिहीन.

त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेत समोर होता बाल्टिमोर ओरिओल्स. क्लेमेंटे तेव्हा ३७ वर्षांचा. २९ वेळा फलंदाजी, १२ यशस्वी फटके, सरासरी .४१४, आणि पुन्हा सातही सामन्यांत फटका. तो मालिकावीर ठरला. लॅटिन अमेरिकेतल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. जिंकल्यावर टीव्हीचा माइक त्याच्यासमोर आला, तेव्हा त्याने इंग्रजीत बोलण्याआधी स्पॅनिशमध्ये आपल्या मुलांना आशीर्वाद दिला आणि घरी बसलेल्या आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. देशभर चाललेल्या त्या प्रक्षेपणात ते शब्द बहुतेकांना कळले नसतील. ज्यांच्यासाठी होते त्यांना कळले. ज्या भाषेपायी त्याला दहा वर्षं हसलं गेलं, ती त्याने आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सगळ्यांच्या आधी बोलून घेतली.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकिर्दीतला ३,००० वा फटका मारला. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा ठरला. २३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. क्लेमेंटेने सान हुआनमध्ये मदत गोळा केली. पाठवलेलं सामान तिथल्या हुकूमशहाचे सैनिक मधेच लांबवतात, अशी बातमी आली. मी सोबत गेलो तर हात लावणार नाहीत, असं म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः एका जुन्या, प्रमाणाबाहेर लादलेल्या डीसी-७ विमानात बसला. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळलं. विमानातले पाचही जण गेले. त्याचा देह कधीच सापडला नाही. पिट्सबर्गचे खेळाडू शोकसभेसाठी प्वेर्तो रिकोत आले, तेव्हा त्याचा जिवलग सहकारी मॅनी सँग्विलेन त्यांच्यात नव्हता. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत होता.

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबल्याशिवाय हॉल ऑफ फेमसाठी नाव घेत नाहीत. क्लेमेंटेसाठी नियम बाजूला ठेवून मार्च १९७३ मध्ये खास मतदान झालं. ४२४ पैकी ३९३ मतं बाजूने, २९ विरोधात, दोन कोरी. विरोधात मत देणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं होतं की माणूस कितीही मोठा असला तरी नियम मोडू नये. मी त्या मतांवर बराच विचार केला आणि राग धरावासा वाटला नाही. मृत खेळाडूसाठी पाचऐवजी सहा महिन्यांची मुदत, हा नियम त्यानंतर सगळ्यांसाठीच झाला.

त्याच वर्षी बेसबॉलचा 'कमिशनर्स अवॉर्ड' क्लेमेंटेच्या नावाने दिला जाऊ लागला. खेळाबरोबर समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूचा हा सन्मान. तीसही संघ आपापला एक खेळाडू सुचवतात आणि त्यांतून एक निवडला जातो. आठवा क्रमांक मिळालेल्या माणसाचं नाव आता इतरांना बक्षीस म्हणून दिलं जातं. १९७४ साली ते त्याच्याच संघातल्या विली स्टार्जेलला मिळालं.

स्टार्जेलविषयी थोडं रेंगाळायला हवं. धिप्पाड, शांत, पुढे पहिल्या बेसवर खेळू लागलेला, होमरनचा राजा. कारकिर्दीत ४७५ होमरन. १९७१ मध्ये एमव्हीपीच्या मतदानात दुसरा, १९७३ मध्ये पुन्हा दुसरा. त्याने कुरकूर केली नाही. उलट स्वतःच एक पुरस्कार सुरू केला. भरतकाम केलेले सोनेरी तारे त्याने करून घेतले. सामना संपला की कपडे बदलायच्या खोलीत तो त्या दिवशी चांगला खेळलेल्याच्या हातात एक तारा ठेवायचा. चांगला झेल, योग्य वेळी मारलेला फटका, कधी नुसता चिवटपणा. खेळाडू ते तारे आपल्या चपट्या, पट्ट्यापट्ट्यांच्या टोप्यांवर शिवून घ्यायचे. लाखो डॉलर कमावणारी माणसं त्या चिमुकल्या ताऱ्यासाठी हट्टाने विचारायची. मत देणारा एकच, आणि तो रोज त्यांच्या शेजारी घाम गाळणारा. सगळा संघ त्याला 'पॉप्स' म्हणायचा. १९७९ चं त्या संघाचं गाणं 'वी आर फॅमिली' होतं, हे सांगितलं की हाक का पडली ते वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी पायरेट्स अंतिम मालिकेत बाल्टिमोरकडून १-३ असे मागे पडले होते, तिथून ४-३ ने जिंकले. सातव्या सामन्यात स्टार्जेलने निर्णायक होमरन मारला. वय ३९. लीगच्या अंतिम फेरीचा मालिकावीर तो, अंतिम मालिकेचा मालिकावीर तो, आणि एमव्हीपीच्या मतमोजणीत सेंट लुइसच्या कीथ हर्नांडेझला आणि त्याला सारखेच, २१६ गुण. एमव्हीपी दोघांत विभागला गेल्याचं ते एकमेव वर्ष. ७ एप्रिल २००१ रोजी नव्या पीएनसी पार्क मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. दोन दिवसांनी, त्या मैदानावर हंगामाचा पहिला सामना होता त्याच दिवशी, स्टार्जेल गेला.

क्लेमेंटेच्या जागी राइट फील्डमध्ये उभं राहायचं ओझं ज्याच्या वाट्याला आलं, तो डेव्ह पार्कर. 'कोब्रा'. संघात आला १९७३ मध्येच. १९७७ आणि १९७८ अशी ओळीने दोन वर्षं लीगमधला सर्वोत्तम फलंदाज. १९७८ च्या उन्हाळ्यात होमप्लेटवर टक्कर होऊन त्याच्या गालाचं हाड मोडलं. तो चेहऱ्यावर मुखवटा बांधून परत आला, .३३४ ची सरासरी गाठली आणि एमव्हीपी झाला. त्यानंतर वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरातला करार झाला आणि शहराची नजर फिरली. पोलादाचे कारखाने अडचणीत येत होते, आणि इथे एक काळा माणूस एवढे पैसे घेत होता. १९८० मध्ये प्रेक्षकांतून त्याच्या अंगावर बॅटरीचे सेल फेकले गेले. पुढे १९८५ च्या पिट्सबर्गमधल्या कोकेन खटल्यांत त्याने साक्ष दिली आणि स्वतःच्या सेवनाची कबुलीही. ती चूक त्याची होती, ती झाकायचं कारण नाही.

पण शिक्षा फार लांबली. हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मतं लागतात. पार्करचं नाव १५ वर्षं मतपत्रिकेवर राहिलं आणि कधी २५ टक्क्यांपर्यंतही पोहोचलं नाही. २०१२ मध्ये त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या समितीने त्याला निवडलं. समारंभ ठरला २७ जुलै २०२५ रोजी. २८ जूनला पार्कर गेला. त्याने लिहून ठेवलेले शब्द कूपरस्टाउनच्या व्यासपीठावरून त्याच्या मुलाने वाचले. २९ दिवसांचा उशीर, या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त लागला तो हा.

१९७९ नंतरच्या सन्मानांची कथा तुटक आहे. बॅरी बाँड्स १९९० आणि १९९२ मध्ये पायरेट्सचा एमव्हीपी होता. मग तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि सलग वीस हंगाम संघ जिंकण्यापेक्षा हरला जास्त. २०१३ मध्ये ती साडेसाती संपली, तेव्हा एमव्हीपीसाठी अँड्र्यू मॅकचनला तीसपैकी २८ मतदारांनी पहिला क्रमांक दिला. दोन वर्षांनी त्याला क्लेमेंटेच्या नावाचा पुरस्कारही मिळाला. पॉल स्कीन्स हा आताचा तरुण पिचर. पिचरसाठी सर्वोच्च मान म्हणजे 'साय यंग' पुरस्कार. पायरेट्सच्या डग ड्रेबेकला १९९० मध्ये तो मिळाला तेव्हा त्याच्या नावावर २२ विजय होते. स्कीन्सला २०२५ मध्ये एकमताने मिळाला, विजय दहा आणि पराभवही दहा. नऊ डावांमागे त्याने सरासरी १.९७ धावा दिल्या होत्या, पण त्याच्या मागचा संघ धावाच करत नव्हता. जुन्या मतदारांनी आधी विजयांचा रकाना पाहिला असता. आताच्या मतदारांना त्या रकान्यापलीकडचा पिचर दिसला, आणि याचं मला मनापासून समाधान वाटलं.

दरवर्षी १५ सप्टेंबरला सगळं मेजर लीग बेसबॉल 'रॉबर्टो क्लेमेंटे दिन' पाळतं. २०२० साली त्या निमित्ताने पायरेट्सचा संपूर्ण संघ पाठीवर २१ क्रमांक घालून उतरला होता. क्लेमेंटेचा हा क्रमांक संघाने १९७३ मध्येच निवृत्त केला. ॲलेगेनीच्या काठावरच्या पीएनसी पार्कमध्ये, तो जिथे उभा राहायचा त्या राइट फील्डमागची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे. नदीवरच्या पुलालाही त्याचं नाव आहे. सामन्याच्या दिवशी तो पूल गाड्यांसाठी बंद होतो आणि माणसं पायी मैदानाकडे येतात.

एकवीसच का, याची एक गोष्ट सांगतात. तरुणपणी त्याने कागदावर आपलं नाव लिहिलं, जसं घरी लिहीत तसं, आईचं आडनाव शेवटी ठेवून : रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. रोमन लिपीतली अक्षरं मोजली. सात, आठ आणि सहा.